मुकादमाची वही आणि एक जन्मनोंद : ऊसतोड कुटुंबातल्या मुलीच्या दाखल्याचं प्रकरण

जून २०२५ मध्ये आमच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीला बावीस मुलं आली. एकवीस जणांचं आधार होतं. बाविसाव्या मुलीचं नव्हतं. तिचं खरं नाव इथे देत नाही. घरी तिला छकुली म्हणतात, मीही तसंच म्हणेन. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. गावातली निम्म्याहून जास्त घरं दिवाळीच्या आगेमागे कुलूपबंद होतात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की उघडतात. छकुलीचं घर त्यातलंच. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात; तिचे आईबाप दोघं मिळून तसा एक कोयता, आजी घरी.

शाळेत नाव घालायला दाखल्याची गरज नव्हती. शिक्षण हक्क कायदा २००९ मधलं कलम १४ सरळ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "थंडीत झाली, कारखान्यावर." तारीख कुणालाच सांगता येईना. शेवटी अंगणवाडीच्या कागदावर होती तीच मी जनरल रजिस्टरला चढवली : १ जून २०१९. मराठी शाळेतल्या कुणालाही ही तारीख ओळखीची असेल. गावोगावच्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या शेकडो मुलं १ जूनला जन्मली आहेत, कारण शाळा जूनमध्ये उघडते. आई "थंडीत" म्हणत असताना मी "जून" लिहिलं, याची टोचणी त्याच दिवशी लागली होती.

अडचण आली ती आधार केंद्रावर. तिथे जन्मदाखला मागितला. बाप दोनदा जाऊन आला, दोन दिवसांची मजुरी बुडाली. आधार नाही म्हणजे पटावर असूनही ऑनलाइन नोंदीत मुलगी पुरती उमटत नाही. पुढे शिष्यवृत्ती, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीचं वसतिगृह, बँक खातं, प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न उभा राहणार. आणि छकुलीला दाखला लागतोय तो आत्ता, सहाव्या वर्षी. उशीर जितका वाढेल तितके साक्षीदार पांगतील, कागद हरवतील. म्हणून हे प्रकरण मी हातात घेतलं. ते सुटायला पाच महिने लागले. यात कुठे वाट चुकली आणि कशी सापडली हे सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्या भागात अशी मुलं घरटी आहेत.

सगळे आधी आपल्याच ग्रामपंचायतीत जातात

छकुलीचे वडीलही तिथेच गेले होते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी नोंदवही पाहिली आणि सांगितलं की जन्म आमच्या हद्दीत झालेला नाही, दाखला मिळणार नाही. त्यांचं बरोबर होतं. फक्त मग जायचं कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही.

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ हा केंद्राचा कायदा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू आहे. त्यातली एक गोष्ट लोकांच्या डोक्यात बसत नाही : नोंद होते ती जिथे जन्म झाला तिथे. आईबाप कुठले, रेशनकार्ड कुठलं, मतदान कुठे, याचा नोंदीच्या जागेशी संबंध नाही. कायमचा पत्ता म्हणून आपलं गाव त्या नोंदीत लिहिलं जातं, पण वही असते जन्मगावच्या निबंधकाकडे, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे; गावात तो ग्रामपंचायत अधिकारीच. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे तर किती तरी घरांत सासरच्या ग्रामपंचायतीत वर्षभर खेटे घातले जातात आणि नोंद आजोळच्या वहीत शांतपणे पडून असते.

तहसील कचेरीच्या बाहेर वडिलांना एक जण भेटला. त्याने उपाय सांगितला : जन्म घरीच झाला असं दाखवायचं, गावातल्या दोघांचे जबाब घ्यायचे, शाळेची १ जून आहेच, चार हजारांत आदेश आणून देतो. बाप मला विचारायला आला तेव्हा त्याने पाचशे रुपये देऊनही टाकले होते. मी त्याला म्हटलं, "दादा, पाचशे गेले तर जाऊ द्या, पण सही करू नका." जन्माची जागा खोटी, तारीख खोटी. अशा कागदावर मुलीचं सगळं आयुष्य उभं करायचं नाही. शिवाय खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, आणि तो दलालाच्या नव्हे, सही करणाऱ्या बापाच्या अंगावर येतो.

कारखान्यावर म्हणजे कुठे?

छकुलीची आई "कारखान्यावर झाली" एवढंच सांगत होती. ऊसतोडीला जाणारं माणूस कारखान्याचं नाव सांगतं. पण टोळी काही कारखान्याच्या दारात राहत नाही. ऊस जिथे असेल त्या शिवारात कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात; फड, म्हणजे तोडीला घेतलेलं उसाचं शेत, संपला की टोळी पुढच्या गावाला हलते. एका हंगामात सहा-सात गावं सहज होतात आणि त्यांची नावं कुणी लक्षात ठेवत नाही. गाव म्हणजे किराणा दुकान आणि पाण्याचा नळ, एवढीच ओळख.

आम्ही कारखाना ज्या गावात आहे तिथल्या ग्रामपंचायतीला लिहिलं. कृष्णाकाठचं गाव, इथून रात्रभराच्या एसटीचं अंतर. कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोणीही व्यक्ती निबंधकाला नोंदवहीत शोध घ्यायला सांगू शकते आणि उतारा मागू शकते, म्हणून अर्ज मीच केला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं : नोंद आढळून आली नाही. सोबत नमुना १० मधलं अनुपलब्धता प्रमाणपत्र.

त्या वेळी आम्हाला वाटलं, काम पुढे सरकलं. कारण आता विलंबित नोंदणीचा रस्ता उघडला होता. एकवीस दिवसांत कळवलेला जन्म सरळ नोंदला जातो. त्यापुढे तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क. वर्षभरापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. आणि वर्ष उलटलं की कलम १३(३). पूर्वी यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आहे. मात्र हा अधिकारीसुद्धा जन्म झालेल्या भागाचाच लागतो. आमच्या तहसीलदारांना कृष्णाकाठच्या जन्माबद्दल आदेश देता येणार नाही, हे त्या दलालाने बापाला सांगितलं नव्हतं. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या महसूल विभागाने या आदेशांची कार्यपद्धती कडक केली. आता पोलिसांचा अहवाल येतो, जाहीर नोटीस लागते, हरकती मागवल्या जातात. खोट्या दाखल्यांच्या तक्रारी वाढल्या होत्या, त्यामुळे हे झालं. ते योग्यच आहे, पण फडावर जन्मलेल्या मुलीसाठी कोणते पोलीस कोणत्या कोपीत जाऊन चौकशी करणार, हा प्रश्न माझ्यापुढे होता.

मी अर्जाचे कागद लावायला घेतले. आजीचा जबाब, आईचा जबाब. आईचा जबाब लिहून घेताना तिला म्हटलं, त्या दिवसाचं जे आठवतं ते सगळं सांग, क्रम चुकला तरी चालेल.

ती म्हणाली, "कळा रातीच सुरू झाल्या. वढ्याच्या कडंला कोपी होती. शेजारच्या कोपीतल्या मावशीनं सोडवलं. उजाडल्यावर गावातली आशाताई आली, तिनं नाळ बघितली, गाडी बोलावली. दवाखान्यात जाताना रस्त्यात पोरं उभी. शाळेची पोरं, भगवं निशाण, जिजाऊचं नाव घेत होती. गाडी थांबली तवा मी पोरीला पदराखाली घेतलं."

मी लिहायची थांबले. १२ जानेवारी. राजमाता जिजाऊंची जयंती.

सहा वर्षं "थंडीत" एवढंच सांगणाऱ्या आईकडे तारीख होती. तिला ती तारीख म्हणून कुणी विचारली नव्हती.

आणखी एक वाक्य ती सहज बोलून गेली : "तवा आम्ही नदीच्या पल्याड होतो." कारखाना नदीच्या अलीकडे. म्हणजे ज्या ग्रामपंचायतीचं अनुपलब्धता प्रमाणपत्र घेऊन मी अर्ज लावत होते, त्या गावात मुलगी जन्मलीच नव्हती. आम्ही पुन्हा चुकीच्या जागेची नोंद करायला निघालो होतो, फरक इतकाच की या वेळी प्रामाणिकपणे.

वही

नदीच्या पलीकडे गावं बरीच. त्या पंधरवड्यात टोळी नेमकी कुठल्या शिवारात होती हे फक्त मुकादमाला, म्हणजे मजुरांची टोळी जमवून कारखान्यावर नेणाऱ्याला, माहीत असणार. मुकादम शेजारच्याच गावचा. मी गेले तेव्हा तो आधी दारातच उभा राहून बोलला. उचलीच्या, म्हणजे मजुरांना आगाऊ दिलेल्या पैशांच्या, हिशेबावरून भांडण आणलंय असं त्याला वाटलं. मुलीच्या दाखल्याचं काम आहे म्हटल्यावर त्याने बाज टाकली, पण वही काढायला तयार होईना. मुकादमाच्या वहीत प्रत्येक कोयत्याची उचल, वजावट, देणी-घेणी असतात. ती परक्याला दाखवायची नसते. मी म्हटलं, "भाऊ, मला पैशाचा एक आकडा बघायचा नाही. २०१९ च्या संक्रांतीच्या आसपास गाडी कुठल्या गावाला भरत होती, एवढंच सांगा."

लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही. एकेका कोयत्याला एक पान. छकुलीच्या बापाच्या पानावर वर त्याचं नाव, "बाळू" असं टोपणनाव. जानेवारीच्या ओळीत निळ्या शाईने :

१२/१ – दोघं खाडा (बाळंत)
१३/१ – बाई खाडा
१४/१ – बाई खाडा
१५/१ – बाई खाडा

त्यापुढे खाडा नाही. म्हणजे सोळा तारखेला ती कामावर होती. चार दिवसांच्या बाळंतिणीने पुन्हा मोळ्या बांधल्या. त्या चार दिवसांची वजावट हिशेबात धरलेली होती.

ज्यांना हा शब्द ठाऊक नसेल त्यांच्यासाठी : कोयत्याने एक दिवस काम बुडवलं की मुकादम जी रक्कम कापतो तो खाडा. आजारपणाचा खाडा, मयतीचा खाडा, बाळंतपणाचाही खाडा. छकुलीच्या जन्माची त्या दिवशी झालेली पहिली लेखी नोंद म्हणजे तिच्या आईची कापलेली मजुरी. त्या वहीसमोर बसून मला काय वाटलं ते मी लिहू शकत नाही. मुकादमही गप्प झाला होता. मग त्याने स्वतःच पानाच्या समासात बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात शेतकऱ्याचं आडनाव आणि गावाचं नाव होतं, कारण वाहतुकीच्या हिशेबाला ते लागतं. त्याने त्या एका पानाचा फोटो काढू दिला, आकडे हाताने झाकून.

गाव मिळालं. नदीच्या पलीकडचं, आणि तालुकाही दुसरा.

पलीकडच्या गावाला

पत्र पाठवून वाट बघत बसायचं नाही असं ठरवलं. श्रावणात आईला घेऊन मी गेले. बायकांना एसटीत अर्धं तिकीट असल्यामुळे बाप घरी थांबला आणि आई आली. खरं तर तेच महत्त्वाचं होतं, आठवणी तिच्याकडे होत्या.

तिथल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे दोन गावांचा कारभार. आठवड्यातले ठरलेले दिवस. आम्ही पोचलो त्या दिवशी ते दुसऱ्या गावाला होते. वाट बघण्यापेक्षा आशाताईंचं घर विचारत गेलो. आईने घर ओळखलं नाही, आशाताईंनी मात्र तिला बघताच ओळखलं. "फडातली बाळंतीण. मी तुझ्या मुकादमाला किती बोलले होते!"

आशाताईंनी सांगितलं की बाळ-बाळंतिणीला त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, जन्मल्यानंतरच्या लशी तिथेच दिल्या, आणि जन्माची माहिती ग्रामपंचायतीला त्यांनीच दिली. ही त्यांची मेहेरबानी नव्हती, असं त्या स्वतःच म्हणाल्या. कायद्यात सुईण, परिचारिका, बाळंतपणाला हजर असणारा आरोग्य कर्मचारी यांनी निबंधकाला कळवायचं असतं. आणि कलम ७(२) निबंधकाला त्याहून पुढचं सांगतं : दिलेली माहिती कोणतंही शुल्क न घेता नोंदवायची आणि हद्दीत होणाऱ्या प्रत्येक जन्माची खबर आपण होऊन काढायची. हद्दीत पडलेल्या कोप्या हद्दीतच येतात. तरीही "बाहेरची माणसं" म्हणून त्या नोंदी किती ठिकाणी राहून जातात हे मी आमच्या मुलांवरून सांगू शकते. या गावात राहिली नाही, कारण एका बाईने आपलं काम नीट केलं होतं.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडलं. अधिकाऱ्यांनी संगणकावर मुलीचं नाव टाकलं. नोंद नाही. आईचा चेहरा उतरला. मी विचारलं, "मुलीच्या नावाने शोधलंत का?" ते म्हणाले, हो. मी विनंती केली की आईच्या नावाने आणि तारखेने बघा, १ ते ३१ जानेवारी २०१९.

यावर थोडं थांबून सांगायला हवं. जन्म कळवला जातो तेव्हा बहुतेक बाळांचं नाव ठेवलेलंच नसतं. आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी, कधी महिन्याने, कधी गावाकडे परतल्यावर. त्यामुळे नोंदीत नावाची जागा मोकळी राहते. मोकळ्या जागेत नाव शोधलं तर "आढळून आली नाही" हेच उत्तर येणार. अलीकडच्या ग्रामपंचायतीनेही आमच्या पत्रातल्या मुलीच्या नावानेच शोध घेतला असावा. ते गाव चुकीचंच होतं ही वेगळी गोष्ट, पण बरोबर गावातही आम्ही त्याच अर्जाने रिकाम्या हाताने परतलो असतो. चूक त्या कार्यालयाची नव्हती. अर्ज मी तसा लिहिला होता. आता मी शोधाच्या अर्जात मुलाचं नाव सगळ्यात शेवटी लिहिते. आधी आईचं नाव, मग वडिलांचं, त्यांचं टोपणनाव, कायमचा पत्ता आणि तारखेच्या दोन्ही बाजूंना महिनाभराची मुदत.

आईच्या नावाने नोंद लगेच आली. अधिकाऱ्यांनी कपाटातून २०१९ चा गठ्ठाही काढला. जन्माच्या वृत्ताचा नमुना १ असतो, त्याचा कायदेशीर भाग बांधून नोंदवही होते. त्या कागदावर आशाताईंचं गोल अक्षर : जन्मदिनांक १२/०१/२०१९. लिंग स्त्री. बालकाचे नाव, मोकळं. जन्मठिकाण, अमुक शेतकऱ्याचं शिवार. आईचं नाव बरोबर. वडिलांचं नाव "बाळू", पुढे फक्त आडनाव. कायमचा पत्ता, ता. अमुक, जि. बीड. नोंदणीचा दिनांक २१ जानेवारी. एकवीस दिवसांच्या आत.

सहा वर्षं नोंद तिथेच होती. माहिती देणाऱ्याला नोंदीची प्रत विनाशुल्क द्यायची असते, पण ती घ्यायला येणार कोण? तोवर टोळी पुढच्या गावाला गेली होती.

अधिकाऱ्यांनी गावाचं नाव मोठ्याने वाचलं तेव्हा आई मला हळूच म्हणाली, "ह्या गावाचं नाव असं आहे होय?"

नोंद होती, पण अपुरी

दोन कामं राहिली होती. नाव घालणं आणि वडिलांचं नाव दुरुस्त करणं.

नाव घालण्याची सोय कलम १४ मध्ये आहे. नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत आईवडिलांनी नाव कळवलं तर विनाशुल्क, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. छकुलीला सहा वर्षं झाली होती, म्हणजे मुदत भरपूर. अर्जावर आईचा अंगठा, सोबत वडिलांचा अर्ज आणि ओळखपत्रं.

वडिलांच्या नावाला वेळ लागला. त्यांच्या आधारवर नाव वेगळं, "बाळू" हे घरातलं. अधिकारी आधी म्हणाले की कोर्टातून आणा. मी त्यांना कलम १५ आणि त्याखालचा नियम दाखवला. लेखनातली चूक निबंधक स्वतः दुरुस्त करू शकतो. मजकुरातली, म्हणजे तथ्याची चूक असेल तर ती काय आहे आणि खरं काय हे सांगणारं, वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचं प्रतिज्ञापन लागतं. दुरुस्ती मूळ नोंद न खोडता समासात होते, सही आणि तारखेसह. त्यांनी नियम वाचला, वरिष्ठांना फोन केला आणि मान्य केलं. त्यांनी जी शांतपणे पुस्तक उघडून बघण्याची तयारी दाखवली, तिचं मला मोल वाटतं. खुर्चीतला माणूस "नाही" म्हणून मोकळा होऊ शकला असता.

दोन विश्वासार्ह व्यक्ती कोण? एक आशाताई. दुसरा मुकादम. तो आपण होऊन आला, "बाळू" आणि आधारवरचा माणूस एकच, हे त्याने लिहून दिलं. ज्याने खाडा लावला त्यानेच नाव जोडून दिलं. मी त्याला माफ करावं की नाही हा माझा प्रश्न नाही, तो त्या आईचा आहे. पण त्याने वही उघडली नसती तर आम्ही गावापर्यंत पोचलोच नसतो, हेही तितकंच खरं.

प्रत्येक अर्जाची पोच घेतली. जन्मदाखला ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा आहे, मुदत ठरलेली असते आणि ती टळली तर अपील करता येतं. पोच नसेल तर मुदत कुठून मोजणार? अपिलाची वेळ आली नाही. दुसऱ्या खेपेला, ऑक्टोबरअखेर, बाप स्वतः जाऊन नमुना ५ मधला दाखला घेऊन आला. नाव, १२ जानेवारी २०१९, आईचं नाव, वडिलांचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक.

जी वाट आम्ही धरली नाही

अनुपलब्धता प्रमाणपत्र हातात असताना मी अर्ज पुढे रेटला असता तर काय झालं असतं? कदाचित आदेश मिळालाही असता. मग मुलीच्या नावावर दोन नोंदी झाल्या असत्या : एक नदीपलीकडे खरी आणि मोकळ्या नावाची, दुसरी अलीकडे नाव असलेली आणि चुकीच्या गावाची. एका जन्माच्या दोन नोंदी पुढे कधी तरी समोरासमोर येतात, आणि तेव्हा खरी कोणती हे सिद्ध करण्याचं ओझं त्या मुलीवर पडतं. कलम १३(३) ज्यांची नोंद खरंच झालेली नाही त्यांच्यासाठी आहे आणि त्यांच्यासाठी ते वरदान आहे. पण अनुपलब्धता प्रमाणपत्राचा अर्थ "या वहीत, या नावाने, या काळात सापडली नाही" एवढाच असतो. "नोंद झालीच नाही" असा त्याचा अर्थ आपण लावतो.

नोंद खरंच नसती तरी गोळा केलेलं काही वाया गेलं नसतं. लसीकरणाचं रजिस्टर, आशाताईंचा जबाब, मुकादमाच्या वहीचं पान, त्या गावच्या निबंधकांचा नमुना १० हे सगळं त्या तालुक्याच्या दंडाधिकाऱ्यांसमोर ठेवता आलं असतं. पोलीस चौकशीलाही जाऊन विचारायला खरं गाव आणि खरी माणसं होती.

१ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना हे सगळं अधिक जड जाणार आहे. त्यांच्यासाठी शाळाप्रवेश, आधार, मतदारयादी, वाहन परवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार. शिक्षण हक्क कायदा त्यांना शाळेच्या दारातून आत घेईल, पुढची दारं दाखल्याशिवाय उघडणार नाहीत. आमच्या वस्तीवर त्या तारखेनंतर कारखान्यावर जन्मलेली तीन बाळं आहेत. त्यांच्या आयांना विचारलं तेव्हा एकीकडेच दाखला निघाला.

सध्याची स्थिती

छकुलीचं आधार नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. जनरल रजिस्टरमधली १ जून ही तारीख मला परस्पर खोडता येत नाही, दाखल्याची साक्षांकित प्रत जोडून दुरुस्तीचा प्रस्ताव वरिष्ठांकडे पाठवला आहे. मंजुरी यायची आहे.

आईबाप या हंगामातही गेले. छकुली आजीजवळ राहिली आहे. या टोळीत दोन जणी पोटुशी आहेत, एकीला आठवा लागलेला. निघायच्या आदल्या रात्री मी दोघींच्या माता-बाल कार्डाच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं : "बाळ झालं की त्या गावाचं नाव, तालुका आणि आशाताईचं नाव इथे लिहून घेणे. एकवीस दिवसांच्या आत त्याच गावच्या ग्रामपंचायतीत कळवणे. प्रत मागून घेणे." दोघींनाही वाचता येत नाही. छकुलीच्या आईलाही येत नाही, पण तिने ते माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं आणि कार्डं मुकादमाच्या वहीत ठेवायला लावली, कारण टोळीत न हरवणारी वस्तू तीच एक.

माझ्या वर्गात १ जूनची आणखी चार मुलं आहेत. दोघांच्या आया कारखान्यावरून परत आल्या की जबाब लिहून घ्यायचे आहेत. तिसऱ्याच्या आजीने परवा सांगितलं की त्याच्या जन्माच्या रात्री गावात जत्रा होती आणि पाळण्याचे दिवे कोपीतून दिसत होते. कोणत्या गावची जत्रा, ते शोधते आहे.